बिल कितीचं करू?

1994 सालची गोष्ट. मी तेव्हा एका संस्थेच्या कार्यालयात कारकून होतो आणि स्टेशनरी आणायचं काम माझ्याकडे होतं. रजिस्टरं, कार्बन पेपर, स्टॅपलरच्या पिनांचे डबे, शाईचे पॅड असं सगळं मिळून 840 रुपयांचं सामान झालं. दुकानदाराने बिलबुक पुढे ओढलं, दोन पानांमध्ये निळा कार्बन सारला, पेन टेकवलं आणि मान वर न करताच विचारलं, "कितीचं करू?"

आपण काही वावगं विचारतोय असं त्याच्या आवाजात नावालाही नव्हतं. चहात साखर किती घालू, असं विचारावं तसा स्वर. आणि मी म्हणालो, "हजाराचं करा."

160 रुपये. त्यातले दहा मी पुढच्या रविवारी उपासनेत दानाच्या थैलीत टाकले. ती दहाची नोट मला आजही आठवते. बाकीचे दीडशे कुठे गेले, ते मात्र आठवत नाही.

पेत्राच्या पत्रात सैतानाला गर्जणाऱ्या सिंहाची उपमा आहे आणि आपल्या उपदेशांतूनही तो बहुधा तसाच येतो, आयाळ झाडत. माझ्याकडे तो बिलबुक घेऊन आला. तुमच्याकडे कदाचित मोबाइलच्या उजेडातून येत असेल, किंवा मंडळीच्या निवडणुकीच्या आदल्या रात्री, किंवा भावाभावांतल्या जमिनीच्या कागदावर सही करताना. ख्रिस्ती माणसाचं रोजचं जगणं अशाच बारक्या जागी पणाला लागतं, म्हणून हा लेखही तेवढ्याच बारक्या गोष्टींचा आहे.

त्या दिवसाचा मी पुढे पुष्कळ विचार केला. काउंटरवर उभा असताना माझ्या हातात ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तीन महिने मी घरभाड्याचा आणि दूधवाल्याचा हिशेब जुळवत होतो. शेजारच्या टेबलवरचा सहकारी "एवढं तर चालतंच" असं हसत सांगायचा आणि मीही हसायचो. तारीख 24 होती, खिसा रिकामा होता, दुपारचा डबा खाल्लेला नव्हता. हजार हा आकडा दुकानदाराने विचारण्याच्या कितीतरी आधी मनात शिजून तयार होता. मोहाशी झुंज त्या क्षणी द्यायची असते, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव असा की त्या क्षणी आपण बहुतेक वेळा हरून बसलेले असतो. लढाई झाली तर ती आधीच्या दोन-तीन दिवसांत होते, आणि तेव्हा ती लढाई आहे हेच आपल्याला कळत नाही.

म्हणून पहिली गोष्ट : आपल्या मोहाची वेळ ओळखा.

अरण्यातली परीक्षा संपल्यावर सैतान येशूला सोडून गेला, पण पुढची संधी मिळेपर्यंतच, असं लूक नोंदवून ठेवतो. म्हणजे तोही वेळ बघून येतो. दावीदाची गोष्ट याच नजरेने पुन्हा वाचून पाहा. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा अकरावा अध्याय सुरू होतो तोच मुळी ऋतू सांगून : राजांनी लढाईवर जायचे दिवस, आणि हा राजा यरुशलेमेत घरी. संध्याकाळी झोपून उठतो आणि गच्चीवर फेऱ्या मारतो. बथशेबा नजरेस पडण्याआधीच लेखकाने जागा, वेळ आणि रिकामपण मांडून ठेवलं आहे. आम्ही रविवारच्या शाळेत असताना या अध्यायाचा विषय 'व्यभिचार' असा शिकवला गेला. मला तो आता रिकाम्या संध्याकाळचा अध्याय वाटतो.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा इव्हाग्रियस नावाचा संन्यासी होता. माणसाला छळणाऱ्या विचारांचे त्याने आठ प्रकार पाडले. पुढे पश्चिमेकडच्या मंडळीत 'सात घातक पापे' म्हणून जी यादी रूढ झाली, तिचं मूळ तिथे आहे. त्यातल्या एका विचाराला त्याने चक्क वेळ लावून दिली आहे : सकाळी दहाच्या सुमारास सुरू होतो आणि दुपारी दोनपर्यंत पिच्छा सोडत नाही. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, संन्यासी सारखा खिडकीकडे बघतो, कुणी भेटायला येतंय का म्हणून बाहेर डोकावतो, मग आपली खोली, आपलं काम, आपले सोबती सगळ्यांचाच त्याला वीट येतो. सरकारी कचेरीत ज्याने दुपारी बारा ते दोन काढले आहेत, त्याला हा माणूस सोळाशे वर्षांपूर्वीचा वाटणार नाही. या मरगळीला त्याने दुपारचा सैतान म्हटलं. आज त्या वेळी हात आपोआप फोनकडे जातो.

तर दोन आठवडे एक छोटी वही जवळ ठेवा. पापाचं नाव लिहायची गरज नाही. वही कुणाच्या हाती पडेल ही भीती खरी असते. फक्त एक खूण, वेळ, जागा, आणि पोटात काही होतं की नाही. मी ही वही केली तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. पैशाचा मोह बहुधा 20 तारखेनंतरचा. आणि रागाच्या जवळजवळ सगळ्या खुणा संध्याकाळी साडेसहा ते साडेसातमधल्या, म्हणजे घरी पोचल्यापासून ताटावर बसेपर्यंतच्या. वर्षानुवर्षं मी रागीट स्वभावासाठी गुडघे टेकून प्रार्थना करत होतो. पत्नीने ती पानं बघितली आणि दुसऱ्या दिवसापासून मी दारात पाऊल टाकलं की मूठभर शेंगदाणे आणि चहा पुढे यायला लागला. निम्म्या खुणा गेल्या.

हे कुणाला फार ऐहिक वाटेल. त्यांनी एलीयाची गोष्ट काढून बघावी. तो झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उठवलं, भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. देवाचं बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर आलं.

आता एका शब्दाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तो आपल्या मराठी शास्त्रात फार मोलाचा आहे. प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'परीक्षा' म्हणतो. काही ठिकाणी 'मोह' असंही म्हटलं जातं. मूळ ग्रीक शब्दात दोन्ही अर्थ आहेत. कसोटीही आणि भुलावणही. लहानपणी मला ही प्रार्थना शाळेच्या परीक्षेबद्दल आहे असंच वाटायचं आणि गणिताच्या पेपराच्या दिवशी मी ती विशेष मन लावून म्हणायचो. पण त्या पोरकट समजुतीत काहीतरी होतं. परीक्षेचं वेळापत्रक असतं, अभ्यासक्रम असतो, आणि तयारी हॉलमध्ये जाऊन करता येत नाही.

दुसरा शब्द याकोबाच्या पत्रातला. माणूस आपल्याच वासनेने ओढला आणि भुलवला जातो, असं सांगताना त्याने जे ग्रीक क्रियापद वापरलं आहे ते गळाला आमिष लावण्याचं आहे. वसई-अर्नाळ्याच्या किंवा कोकणपट्टीच्या वाचकांना अधिक सांगायला नको. सगळ्या माशांना एकच आमिष चालत नाही. ज्याला जे आवडतं ते लावावं लागतं. तुमच्या शेजाऱ्याला दारूचा गुत्ता दिसतही नसेल आणि तुम्हाला तो गल्लीच्या टोकावरूनच वास देत असेल. म्हणून दुसऱ्याच्या पडण्यावर "एवढं कसं आवरलं नाही?" असं म्हणताना जरा थांबावं. त्याचं आमिष तुमच्या तोंडचं नव्हतंच.

लोयोलाच्या इग्नेशियसने हेच दुसऱ्या अंगाने सांगितलं. तो मुळात सैनिक. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्याचं आयुष्य बदललं. त्याच्या 'आध्यात्मिक साधने'त शत्रूला सेनापतीची उपमा आहे : तो किल्ल्याभोवती फिरून कुठली बाजू कच्ची आहे ते बघतो आणि तिथेच हल्ला करतो. गडकोट पाहिलेल्या मराठी माणसाला हे समजावून द्यायला लागू नये. दरवाजावर कडेकोट पहारा असतो, आणि चढणारा चढतो कड्याकडून. गंमत अशी की आपण पहारा बसवतो तो लोकांना दिसणाऱ्या बाजूला. दारू न पिणारा, तंबाखू न खाणारा, रविवार न चुकवणारा माणूस घरात बायकोशी कसा बोलतो, हे मंडळीत कुणी विचारत नाही. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांची गीतं आपण दर रविवारी गातो. त्यांच्या दातृत्वाबरोबर त्यांचा तापटपणाही त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त झाकून ठेवलेला नाही. त्यामुळे टिळक लहान होत नाहीत. उलट आपल्याला धीर येतो.

वेळ आणि कच्ची बाजू कळली की पुढचं काम बरंचसं पायांचं आहे. पोटीफराच्या घरात योसेफाने मालकाच्या बायकोशी वाद घातला, समजावलं, नकार दिला, आणि शेवटच्या खेपेला अंगावरचं वस्त्र तिच्या हातात टाकून तो पळाला. पळण्यात कमीपणा नाही. आपण फार वेळ उभे राहतो. दुकानाच्या दारात उभं राहून "आज आत जायचं नाही" अशी प्रार्थना करण्यापेक्षा दुसऱ्या गल्लीने घरी जावं. फोनचा चार्जर झोपायच्या खोलीतून काढून स्वयंपाकघरात लावावा. रात्री साडेअकराला उठून ओट्यापर्यंत जाताना माणूस निम्मा शुद्धीवर येतो. गजराची अडचण सांगणाऱ्यांसाठी साधं घड्याळ बाजारात अजून मिळतं. लग्नाच्या पार्टीत शिरतानाच लिंबू-सोड्याचा ग्लास हातात घ्यावा, मोकळ्या हाताला आग्रह फार होतो. आणि खरेदीचं काम तुमच्याकडे असेल तर दुकानात एकट्याने जाऊ नका, किंवा बिलबुक उघडण्याआधी तुम्हीच आकडा मोठ्याने बोला. दुकानदाराला प्रश्न विचारायला जागाच ठेवायची नाही.

मग तोंडात शब्द तयार हवेत. येशूने अरण्यात तिन्ही वेळा जी उत्तरं दिली, ती अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत. म्हणजे चाळीस दिवसांच्या भुकेत त्याला नवं काही शोधावं लागलं नाही. लहानपणापासून पाठ असलेलं ओठांवर आलं. वर सांगितलेल्या इव्हाग्रियसने याच धर्तीवर एक अख्खं पुस्तक केलं : आठ विचारांचे आठ भाग, आणि प्रत्येक भागात त्या त्या विचाराला शास्त्रातून काय उलट उत्तर द्यायचं त्याची यादी. तुमच्या कच्च्या बाजूसाठी दोन वचनं शोधून पाठ करा. दोन पुरतात. फक्त त्यांचा ताईत करू नका, कारण मंदिराच्या शिखरावर सैतानानेही स्तोत्रच म्हणून दाखवलं होतं.

शिवाय एक वाक्य स्वतःच्या रोजच्या बोलीत बसवून ठेवा, उपदेशपीठावरच्या मराठीत नको. मी घरी आरशासमोर उभा राहून "जेवढ्याचं आहे तेवढ्याचंच करा" हे वाक्य म्हणून बघितलं होतं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ते चिडल्यासारखं आलं, दुसऱ्यांदा गुन्हेगारासारखं. नेहमीच्या आवाजात यायला दहा-बारा वेळा म्हणावं लागलं.

उपवासाचाही खरा उपयोग इथेच आहे. राखेच्या बुधवारपासून मटण बंद आणि घरात सुरमई-पापलेटची चंगळ, असे चाळीस दिवस मी बघितले आहेत आणि त्या ताटांवर बसलोही आहे. पण एखादी निर्दोष गोष्ट, दुपारचा चहा किंवा रात्रीची मालिका, चाळीस दिवस खरोखर सोडून बघा. चहात पाप नाही. तो हाताशी असताना नको म्हणायची मनाला सवय लागते, आणि जिथे चुकलं तरी कुणाचं नुकसान नाही अशा जागी ती लागते.

आता सगळ्यात अवघड भाग. सांगणे.

इग्नेशियसची आणखी एक उपमा आहे : शत्रू हा चोरून प्रेम करणाऱ्या लबाड माणसासारखा असतो, त्याला एकच भीती असते, की मुलगी घरी जाऊन बापाला सांगेल. गुपित राहिलं की त्याचं फावतं. कॅथलिक बांधवांकडे यासाठी पापनिवेदन आहे. जाळीपलीकडे धर्मगुरू बसलेला असतो आणि तो बाहेर बोलणार नाही अशी खात्री असते. आम्ही प्रॉटेस्टंटांनी ते सोडलं आणि त्या जागी दुसरं काही ठेवलं नाही, असं माझं मत आहे. एकमेकांजवळ पापं कबूल करा असं याकोब सांगतो, ते वचन आम्ही वाचतो आणि पुढच्या वचनाकडे वळतो. कारण कळण्यासारखं आहे. आपल्या प्रार्थना गटांत काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. "तिच्यासाठी जरा प्रार्थना करा हं," इथून सुरुवात होते, मग आवाज खाली येतो, मग "तुम्हाला म्हणून सांगते". आमेन होईपर्यंत बातमी तीन घरं फिरून आलेली असते. चहाडी हा मोहच आहे, आणि प्रार्थनेच्या विषयाचा पदर घेऊन येतो म्हणून तो ओळखू येत नाही.

तेव्हा गटात नाही, एकाच माणसाला सांगा. तुमच्याहून वयाने थोडा मोठा, तुमच्या पगारावर, लग्नावर किंवा मंडळीतल्या पदावर ज्याचा काही अधिकार नाही असा. स्वतः कधी पडला आहे हे ज्याच्या बोलण्यात आलेलं असेल, तो उत्तम. महिन्यातून एकदा भेटायचं, आणि त्याने ठरलेला एकच प्रश्न विचारायचा.

माझ्या 160 रुपयांबद्दल मी चार वर्षांनी आमच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या वडिलांना सांगितलं. मला वाटलं, डोळे मिटून प्रार्थना करतील. ते म्हणाले, "परत केलेस का?" मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, "मग जा, आणि करून ये. मी इथंच बसतो." जक्कयाने चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं, हेही त्यांनी जाता जाता ऐकवलं. दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन रोखपालाकडे गेलो तर तो गोंधळला. "कशाचे म्हणून जमा करू?" चार वर्षांपूर्वीच्या चोरीला त्याच्या रजिस्टरात रकाना नव्हता. मी कान लाल होईपर्यंत सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढला, पुसला, आणि 'किरकोळ जमा' म्हणून पावती फाडून दिली. ती पावती माझ्या बायबलमध्ये लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात अजून आहे. चौपट द्यायचं धाडस काही झालं नाही.

काही गोष्टी मात्र या लेखात सांगितलेल्या उपायांपलीकडच्या आहेत. हात थरथरल्याशिवाय सकाळ होत नसेल, जुगारापायी घरातले दागिने गेले असतील, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार लागतो. "तुमचा विश्वास कमी पडतो" असं अशा माणसाला सांगणारे लोक त्याचं नुकसान करतात. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी 1986 साली सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. 1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठका आपल्याकडेही भरतात. तिथे जाणं म्हणजे प्रभूला सोडून दुसरीकडे जाणं नव्हे. हाड मोडल्यावर आपण अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातोच.

आणि एवढं सगळं करूनही आपण पडतो. पडल्यावर दोन चुका हमखास होतात. पहिली, मोठी शपथ : पुन्हा कधीच नाही. ही शपथ मोडली की माणूस स्वतःवरचा विश्वासच घालवतो. त्यापेक्षा उद्या दुपारपर्यंतचं बोला. दुसरी, लपून राहणं. प्रभुभोजनाचा रविवार आला की काही चेहरे दिसत नाहीत, ते पुढच्या रविवारी उगवतात. मी स्वतः त्यात होतो. लाज म्हणजे पश्चात्ताप असं आपल्याला वाटतं, पण लाज माणसाला मेजापासून लांब नेते.

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदाच येतो. पहिला प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे पेत्र शेकत उभा राहून तीन वेळा नाही म्हणाला. दुसरा तळ्याकाठी पहाटे, येशूने स्वतः पेटवलेला, वर मासे आणि भाकर. पेत्राला तो धुराचा वास ओळखीचा वाटला असणार. त्याला आधी न्याहारी दिली गेली, तीन प्रश्न जेवण झाल्यावर विचारले.

परवा रविवारच्या शाळेसाठी वह्या, खडू आणि चार्ट पेपर आणायला गेलो होतो. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, डोकं पांढरं झालं. गल्ल्यावर कॉलेजातला पोरगा होता, बिल संगणकावर. एकूण 1,120. बोटं कीबोर्डवर ठेवून त्याने विचारलं, "काका, बिल कितीचं करू?"

मी सांगितलं, जेवढ्याचं आहे तेवढ्याचंच. आवाज नेहमीचा होता. पण बाराशे हा आकडा त्याआधीच मनात येऊन उभा राहिला होता. घरी येऊन वहीत खूण केली : सकाळी अकरा, दुकान, नाश्ता झालेला, तारीख 26.